गोळ्यांनी मेंदू सुकतो का?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुनाट डिप्रेशनवरच्या औषधांची माहिती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये वयं, घरं, औषधं वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या मनात भीती एकच दिसते : या गोळ्या मेंदूचं काय करतात? त्यातली काही पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत.

माझ्या मिस्टरांना बऱ्याच वर्षांपासून डिप्रेशन आहे. वय 56. मध्ये बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सध्या एस्सिटालोप्रॅम 20 मि.ग्रॅ. सुरू आहे. चक्कर येऊन राहिली होती म्हणून धंतोलीत एमआरआय काढला, तर रिपोर्टात 'माइल्ड सेरेब्रल अॅट्रॉफी' असं आलं. आमच्या भासऱ्यांचं म्हणणं, इतकी वर्षं गोळ्या खाऊन मेंदू सुकला. तेव्हापासून हे गोळी हातात घेत नाहीत. बंद करू द्यावी का? — एक वाचक, मानेवाडा

नाही, ताई. आधी हे करा : किती दिवसांपासून गोळी बंद आहे ते मोजा आणि डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. एक-दोन दिवस चुकले असतील तर बहुधा आहे तीच मात्रा सुरू होते. पण आठवड्याच्या वर झालं असेल तर एकदम 20 वर जायचं की 10 पासून चढायचं, हे त्यांनाच ठरवू द्या.

आता रिपोर्टाचं. पन्नाशीनंतर मेंदूच्या वळ्यांमधल्या फटी थोड्या रुंद दिसू लागतात. रेडिओलॉजिस्ट ते डोळ्यांनी पाहतो आणि 'माइल्ड अॅट्रॉफी', म्हणजे किंचित आकसणं, असं लिहितो. हा शब्द नागपुरातल्या कुठल्याही सेंटरमध्ये पंचावन्न-साठीतल्या लोकांच्या फायलींमध्ये सहज सापडेल, आणि त्यांतल्या कित्येकांनी डिप्रेशनची गोळी कधी पाहिलेलीही नसते. बीपी, शुगर, तंबाखू, दारू यांनीही हा बदल लवकर दिसतो.

डिप्रेशनमध्ये मेंदूच्या रचनेत फरक पडतो हे मात्र खरं आहे. सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो हिप्पोकॅम्पसचा. कानाच्या वर, आतल्या बाजूला असलेला हा भाग आठवणी आणि ताणाचं नियंत्रण सांभाळतो. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण 3 ते 4 घन सेंटिमीटरचा असतो. 2016 साली छापून आलेल्या एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाच्या अभ्यासात 1728 रुग्ण आणि 7199 निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र करून मोजले. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरी सव्वा टक्क्याने लहान निघाला. म्हणजे 3500 घन मिलिमीटरमध्ये चाळीस-पंचेचाळीस घन मिलिमीटरचा फरक. हा फरक मुख्यतः ज्यांना आजार पुन्हा पुन्हा झाला किंवा 21 वर्षांच्या आत सुरू झाला त्यांच्यात होता. पहिल्याच झटक्यातल्या रुग्णांमध्ये तो दिसला नाही. दोन निरोगी माणसांमध्येसुद्धा याहून कितीतरी मोठा फरक असतो, त्यामुळे एकट्या माणसाच्या एमआरआयवरून 'डिप्रेशनने केलं' की 'गोळीने केलं' हे कोणीही सांगू शकत नाही. भासरेही नाही.

मग गोळीचा हात किती? 2003 साली अमेरिकेतल्या शेलिन यांच्या गटाने वारंवार डिप्रेशन झालेल्या 38 स्त्रियांचा हिशेब मांडला. आयुष्यात किती दिवस डिप्रेशन उपचाराविना गेलं आणि किती दिवस औषध सुरू असताना गेलं, हे वेगळं मोजलं. उपचाराविना गेलेले दिवस जितके जास्त, तितका हिप्पोकॅम्पस लहान. औषधासह गेलेल्या दिवसांशी असा संबंध आढळला नाही. अभ्यास छोटा आहे आणि मागे वळून आठवणींवर केलेला आहे, म्हणून त्याला शेवटचा शब्द मानू नका. पण तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती तुमच्या भासऱ्यांच्या नेमकी उलटी आहे.

'गोळ्यांनी मेंदू सुकतो' ही भीती आली ती दुसऱ्या जातीच्या औषधांवरून. स्किझोफ्रेनियासाठी वापरल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉल आणि ओलॅन्झापिन या गोळ्या माकडांना दीड-दोन वर्षं दिल्यावर त्यांच्या मेंदूचं वजन 8 ते 11 टक्क्यांनी कमी भरलं, असं 2005 साली दिसलं. त्या अँटिसायकोटिक गोळ्या, डिप्रेशनच्या नव्हेत. तरी एक गोष्ट लक्षात ठेवायची : हट्टी डिप्रेशनमध्ये डॉक्टर कधी कधी जोडीला ओलॅन्झापिन किंवा क्वेटियापिन देतात. 2020 साली छापलेल्या एका चाचणीत भ्रमांसह तीव्र डिप्रेशन असलेल्या, पण उपचारांनी सावरलेल्या रुग्णांना सर्ट्रालिन हे डिप्रेशनचं औषध सगळ्यांनाच दिलं. निम्म्यांचं ओलॅन्झापिन चालू ठेवलं, बाकीच्यांना त्याजागी नुसती बिनऔषधाची गोळी दिली. 36 आठवड्यांत ओलॅन्झापिन घेणाऱ्यांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, थोडं जास्त पातळ झालं. पण ज्यांचं ओलॅन्झापिन काढल्यावर आजार उलटला, त्यांचंही पातळ झालं. तुमच्या घरच्या चिठ्ठीवर असं दुसरं औषध असेल तर ते कशासाठी आहे आणि किती दिवस चालणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्वतःहून काढू मात्र नका.

राहिली चक्कर. तिच्यासाठी एमआरआयच्या आधी चार साध्या गोष्टी पाहायला हव्या होत्या : बसून आणि उठल्यावर बीपी, रक्तातलं सोडियम, हिमोग्लोबिन आणि ब-12, आणि गोळ्या मधून मधून चुकतात का. शेवटचं कारण फार वेळा सापडतं. एस्सिटालोप्रॅमचं शरीरातलं प्रमाण तीसेक तासांत निम्मं होतं. दोन दिवस गोळी चुकली की गरगरतं. हृदयाचा त्रास असेल तर 20 मि.ग्रॅ. वर एक ईसीजी काढून ठेवावा.

मी सक्करदऱ्याला राहतो, मानसशास्त्रात एम.ए. करतोय. वाचनात आलं की ड्युलोक्सेटिनने जुनाट डिप्रेशनच्या रुग्णांचा कॉर्टेक्स पातळ झाला आणि संशोधकांनी ते चांगलं लक्षण मानलं. मग पातळ होणं चांगलं की वाईट?

तुम्ही वाचलेला अभ्यास 2018 सालचा आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांचा. या विषयातले बहुतेक अभ्यास स्कॅनच्या वेळी कोण गोळी घेतं आणि कोण नाही, एवढंच पाहतात. त्यात मोठी खोट आहे : ज्याचा आजार जड, त्याच्याच हातात गोळी असते. मग गोळी घेणाऱ्यांचा मेंदू वेगळा दिसला तर दोष गोळीचा की आजाराचा, हे उकलत नाही. या अभ्यासात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. काहींना ड्युलोक्सेटिन, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. 10 आठवडे उपचार, आधी आणि नंतर एमआरआय. म्हणून त्याचं वजन जास्त.

सुरुवातीला या रुग्णांचा कॉर्टेक्स निरोगी माणसांपेक्षा जाड होता. औषध घेणाऱ्यांचा तो निरोगी लोकांच्या पातळीकडे उतरला, लक्षणंही उतरली. दुसऱ्या गटात जाडी किंचित वाढलीच. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की वर्षानुवर्षं आजाराशी झगडताना मेंदू काही भाग वाढवून तोल सांभाळतो आणि आजार उतरला की त्या जादा बांधकामाची गरज संपते. अर्थ पटण्यासारखा आहे, पण तो अर्थ आहे. मोजलेली आहे ती फक्त जाडी.

आता दुसरी बाजू. एनिग्मा गटाच्याच 2017 सालच्या मोठ्या अभ्यासात, दोन हजारांवर रुग्णांमध्ये, प्रौढांचा कॉर्टेक्स कपाळामागच्या, सिंग्युलेट आणि इन्सुला या भागांत उलट पातळ दिसला. हा विरोध तुम्हाला परीक्षेत लिहायचा असेल तर तीन मुद्दे धरा. एक, 'जुनाट डिप्रेशन' म्हणजे दोन वर्षांहून जास्त सतत राहणारी उदासी, आणि येऊन-जाऊन होणारे झटके, ही एकच गोष्ट नाही. दोन, कॉर्टेक्स सरासरी अडीच मिलिमीटर जाड असतो आणि स्कॅनचा एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा. फरक असतो मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा, तो संगणक अंदाजाने काढतो. स्कॅन चालू असताना डोकं हललं तरी कॉर्टेक्स पातळ मोजला जातो. तीन, शरीरात पाणी किती आहे यावरही मोजमाप हलतं. म्हणून 'जाड म्हणजे चांगला, पातळ म्हणजे वाईट' हे समीकरण सोडून द्या. विचारायचं ते हे, की उपचारानंतर मोजमाप निरोगी पातळीच्या जवळ आलं की लांब गेलं.

मुलीला (वय 22) सर्ट्रालिन 50 मि.ग्रॅ. दिलं. बारा दिवस झाले, काही फरक नाही, उलट मळमळ आणि जास्तच घाबरल्यासारखं होऊन राहिलं. ती म्हणते, गोळीने पहिल्याच दिवशी सेरोटोनिन वाढतं म्हणतात, मग मला बरं का नाही वाटत? — एक आई, प्रतापनगर

मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पेशींमधल्या फटीतलं सेरोटोनिन (पेशींचे निरोप पोचवणारं रसायन) काही तासांतच वाढतं. बरं वाटायला मात्र साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, कारण त्यापुढचं काम हळू आहे. सततच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात; उंदरांवर तीन आठवड्यांच्या ताणातच हे दिसलं आहे. म्हणजे हिप्पोकॅम्पस लहान दिसतो तो मुख्यतः पेशी मेल्यामुळे नव्हे, तर पेशींमधली जाळी विरळ झाल्यामुळे. औषधाने बीडीएनएफ नावाच्या वाढ घडवणाऱ्या प्रथिनाचं काम सुधारतं. या औषधांचे रेणू त्या प्रथिनाच्या पेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) थेट चिकटतात, हे 2021 साली हेलसिंकीच्या गटाने दाखवलं. त्यातून फांद्या पुन्हा फुटायला, नवे जोड बसायला आठवडे जातात. शेतात पाणी सोडलं त्याच दिवशी कणीस मागण्यात अर्थ नाही.

नव्या पेशी जन्माला येतात का, हा वाद अजून मिटलेला नाही. उंदरांमध्ये येतात : 2000 साली डुमन यांच्या गटाने दीर्घ औषधोपचाराने त्या वाढतात हे दाखवलं. माणसात मात्र 2018 सालात महिनाभराच्या अंतराने दोन शोधनिबंध आले, एक म्हणतो प्रौढ माणसात जवळजवळ नाहीतच, दुसरा म्हणतो म्हातारपणापर्यंत होतात. जाहिरातींमधलं 'नवे न्यूरॉन तयार करा' वाचताना हे आठवावं.

आता व्यवहाराचं. मळमळ पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांची जाते. गोळी रिकाम्या पोटी न घेता नाश्त्यानंतर द्या. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. सुरुवातीची घबराट वाढणं हा ओळखीचा त्रास आहे. डॉक्टर कधी मात्रा 25 वर आणून आठवडाभराने चढवतात, कधी थोड्या दिवसांसाठी क्लोनॅझेपॅम हे घबराट शमवणारं औषध देतात. ते दोन-चार आठवड्यांपुरतंच. सवय लागते ती या दुसऱ्या गोळीची, आणि बऱ्याच घरांत सर्ट्रालिन 'मेंदूला वाईट' म्हणून बंद होतं, तर क्लोनॅझेपॅम 'झोपेची साधी गोळी' म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलमधून येत राहतं. नेमकं उलटं व्हायला हवं.

पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलताना जिवाचं बरं-वाईट करण्याचे विचार वाढू शकतात. मुलीला स्पष्ट विचारा, आडून नको. विचारल्याने डोक्यात तसं येत नाही. बेचैनी इतकी की एका जागी बसवत नाही, किंवा उलट झोप न घेता अंगात भलताच उत्साह, बडबड, पैसे उडवणं : यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुसरं चित्र बायपोलर आजाराचं असू शकतं आणि तिथे उपचार बदलतो.

आणि फरक मोजा. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3, एकूण 27. दर दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच वारी भरायची. आकडा निम्म्यावर आला तर औषध लागू पडतंय, 5 च्या खाली आला तर आजार उतरला असं धरतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे; त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पूर्ण मात्रेत 4 आठवडे होऊनही आकडा जागचा हलला नाही, तर मात्रा किंवा औषध बदलण्याचं बोलायचं. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात, तेव्हा बदलावं लागलं तर मुलीने त्यात स्वतःचं अपयश मानू नये.

पैशाची अडचण आहे. नागपुरात कुठे दाखवावं? — एक वाचक, नंदनवन

मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), मेयो आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे दाखवलं म्हणजे भरती व्हावं लागतं असं नाही. लोक मनोरुग्णालयाचं नाव ऐकूनच मागे फिरतात, तो आपल्या गावाचा जुना रोग. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम जेनेरिक घेतली तरी चालतात. कंपनी मात्र दर महिन्याला बदलू नका.

दोन वर्षं झाली, आता ठणठणीत आहे. गोळी कशी सोडू? मागच्या वेळी एक दिवसाआड घेऊन सोडली तर डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. मेंदूला इजा झाली का? — एक वाचक, इतवारी

इजा नाही. मेंदू औषधाशी जुळवून बसलेला असतो, आधार एकदम काढला की गडबडतो. ते करंट, गरगर, चिडचिड, भडक स्वप्नं हा त्याचाच भाग.

चूक झाली ती 'एक दिवसाआड' मध्ये. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडे रेंगाळतं, त्याला ते चालून जातं. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांची पातळी एक दिवसाआड वर-खाली उसळते. रोज घ्यायचं, पण कमी.

किती कमी, यात खरी गोम आहे. नेहमीच्या किमान मात्रेतच सेरोटोनिन उचलणाऱ्या जागांपैकी सुमारे 80 टक्के जागा अडलेल्या असतात. त्यामुळे 20 वरून 10 वर येताना फारसं जाणवत नाही, आणि 5 वरून शून्यावर येताना कडा कोसळते. एस्सिटालोप्रॅमसाठी 20, 15, 10, 7.5, 5, 2.5 अशा पायऱ्या, प्रत्येकीवर 2 ते 4 आठवडे. शेवटच्या दोन पायऱ्यांवर जास्त थांबा, 2.5 नंतरही जमल्यास सव्वा. 5 ची गोळी मिळते, मेडिकलमधून गोळी कापायचं कटर घ्या. त्रास झाला तर मागच्या पायरीवर जा, महिनाभर राहा. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे मात्र चुरडू नयेत, त्यांचं आवरण पोटातल्या आम्लापासून बचावासाठी असतं. तिथे उतरणी डॉक्टरांबरोबरच आखा.

सोडल्यानंतरचा त्रास आणि आजार उलटणं यात फरक करता यायला हवा. करंट, गरगर दोन-चार दिवसांत सुरू होते आणि गोळी परत घेतली की एक-दोन दिवसांत थांबते. आजार उलटतो तो हळूहळू, काही आठवड्यांनी : आधी झोप, मग भूक, मग कशातच मन न लागणं.

सोडण्यापूर्वी डिप्रेशनचे आधीचे झटके मोजा. एकच झटका असेल तर बरं वाटल्यावर 6 ते 9 महिने त्याच मात्रेत पुरेत. दोन-तीन झाले असतील तर निदान दोन वर्षं, आणि मग सोडायचं की नाही हा विचार. इंग्लंडमधल्या 2021 सालच्या अँटलर चाचणीत दीर्घकाळ औषध घेणाऱ्या, ठीक असलेल्या 478 जणांपैकी गोळी चालू ठेवलेल्यांत वर्षभरात 39 टक्क्यांना आजार उलटला, सोडलेल्यांत 56 टक्क्यांना. म्हणजे सोडूनही बरेच जण ठीक राहतात, पण धोका खरा आहे. लग्नसराई, मुलांची बारावी, बदली असल्या धामधुमीत उतरणी सुरू करू नका.

आईचं वय 71. बीपीची आणि सर्ट्रालिनची गोळी आहे. मे महिन्यात एकदम भ्रमिष्टासारखं बोलायला लागली. घरात सगळे म्हणाले, मेंदू गेला. — एक वाचक, महाल

बीपीच्या गोळीचं नाव पाहा. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड असेल (बहुतेकदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत, नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' लावून), तर आधी सोडियम तपासा. सर्ट्रालिनच्या गटातली औषधं लघवीवाटे पाणी टाकणं कमी करतात, बीपीची ही गोळी मीठ बाहेर काढते. त्यात नागपूरचा 45 अंशांचा मे, घाम, आणि घरच्यांनी काळजीपोटी पाजलेलं माठाचं तांब्या-तांब्या साधं पाणी. रक्तातलं सोडियम 135 ते 145 हवं. ते 125 च्या खाली गेलं की माणूस असंबद्ध बोलतो, पडतो, फिटही येतात. ही तातडीची बाब आहे, दवाखान्यातच न्यायची. घरी मीठ-पाणी पाजून भरून काढायची नाही, कारण सोडियम फार वेगाने चढलं तरी मेंदूला अपाय होतो.

पासष्टीच्या पुढे सर्ट्रालिनच्या गटातलं औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत आणि पुढे उन्हाळा लागताना सोडियम बघून घ्यावं. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक किंवा अॅस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा, पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी तर न सांगता मुळीच नको. आणि आईला सर्ट्रालिनऐवजी झोपेसाठी म्हणून कोणी अॅमिट्रिप्टिलिन सुचवलं, तर या वयात तोंड कोरडं, लघवी अडणं, विसराळूपणा आणि घाम कमी येणं हे सगळं सोबत येतं. नागपूरच्या उन्हात घामच आला नाही तर अंग थंड होणार कशाने?

अक्रोड, ब्राह्मी, मेंदूच्या टॉनिकने हिप्पोकॅम्पस वाढतो का? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

टॉनिकने नाही. चालण्याने वाढल्याचा पुरावा आहे, तोही डिप्रेशन नसलेल्या वयस्कांमध्ये. 2011 साली 120 जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात 2 टक्क्यांनी वाढला, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा 1.4 टक्क्यांनी घटला. अंबाझरीला किंवा गल्लीत, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. सुरुवातीला 10 मिनिटं, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत जा. डिप्रेशनच्या भरात घराबाहेर पाऊल पडत नाही, तेव्हा आधी गोळीने थोडं उभं राहू द्या आणि मग चाला. हा क्रम उलटा लावला की माणूस स्वतःलाच आळशी म्हणू लागतो. शाकाहारी असाल तर टॉनिकच्या पैशात ब-12 तपासून घ्या. ते 200 पिकोग्रॅमच्या खाली निघालं तर त्याच्या गोळ्या घ्यायच्या की इंजेक्शन, हे डॉक्टरांना विचारा.